शेवटचा नंबर

तपासणीसाठी रक्त द्यायला आलेल्यांची रांग लहान होती आणि खोलीचे दार उघडे होते, त्यामुळे बाहेरच्या बाकावरून आतले सगळे दिसत होते. खुर्चीत बसलेला माणूस चाळिशीच्या आसपासचा असावा. अंगात लांब बाह्यांचा शर्ट, आणि तोही उकाड्यात मनगटापर्यंत बटणे लावलेला. तंत्रज्ञ मुलीने त्याची बाही वर करून दंडाला रबरी पट्टा आवळला, कोपराच्या खळगीत दोन बोटांनी थोपटले, दाबून पाहिले, पुन्हा थोपटले. शीर लागत नव्हती. तिने दुसरा हात मागितला, तेव्हा तो अगदी सहज, मदत करावी म्हणून बोलला, ‘ताई, तिथं नाही मिळायची. इथं घ्या, बारीक सुईनं,’ आणि त्याने डाव्या पंजाच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या मुळापाशी बोट ठेवले. शीर खरोखरच तिथे होती. पण ती सापडण्याआधीच खोलीतल्या सगळ्यांना दुसरेच काही सापडले होते. मुलीची नजर त्याच्या हातावरून एकदा वरपासून खालपर्यंत फिरली. तिने घातलेल्या हातमोज्यावर दुसरा हातमोजा चढवला, मग काय वाटले कोण जाणे, पट्टा सोडला आणि म्हणाली, ‘तुम्ही जरा बाहेर बसा, तुमचं शेवटी घेऊ.’ तो उठला, बाहीचे बटण लावले आणि बाकाच्या टोकाला येऊन बसला. माझ्या शेजारच्या बाईंनी बाकावर ठेवलेली पर्स मांडीवर घेतली. मागून कुणीतरी ‘गर्दुल्ला असणार’ असे पुटपुटले.

या प्रसंगात कुणीही कुणाशी वाईट वागले नव्हते, आणि मला सलत राहिले ते नेमके हेच. मुलीचा आवाज चढला नाही, तिने ‘अहो-जाहो’ सोडले नाही. त्यानेही वाद घातला नाही. ‘शेवटी घेऊ’ हे त्याला अपेक्षितच असल्यासारखे तो बसला. त्याला काही आजार आहे की नाही, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते. ते कळावे म्हणून तर तो रक्त द्यायला आला असेल. स्वतःच्या शिरांची त्याला माहिती आहे एवढ्यावरून त्याच्या रक्ताचा निकाल लागला होता.

मी त्या मुलीच्या भीतीला हसणार नाही. सुई हातात घेऊन दिवसभर अनोळखी माणसांचे रक्त काढणाऱ्याला ती भीती वाटणारच. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई चुकून टोचली तर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, म्हणजे हजारात तीन, आणि वेळेत औषध सुरू केले तर तीही पुष्कळ कमी होते. तरीही ज्याच्या बोटात सुई गेली त्याला पुढच्या काही आठवड्यांत टक्केवारीने झोप लागत नाही. पण याच भीतीवर उपाय म्हणून १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, एक साधा नियम मांडला होता: प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे धरूनच काम करावे. त्यामागचा विचार अगदी रोखठोक होता. संसर्ग चेहऱ्यावर किंवा हातावर दिसत नाही, ज्याला तो आहे त्यालाही बरेचदा माहीत नसतो, म्हणून निवड करत बसू नये. माझ्या शेजारच्या पर्सवाल्या बाई, मी आणि तो माणूस, तिघांसाठी सुई नवी, हातमोजा नवा आणि काळजी तितकीच. हा नियम पाळला तर ‘शेवटी’ या जागेला अर्थच उरत नाही. ती जागा तरीही असते, शस्त्रक्रियेच्या यादीतही असते. सकाळपासून उपाशी असलेला बाधित रुग्ण दुपारपर्यंत तसाच राहतो आणि कारण सांगितले जाते स्वच्छतेचे. मग आधीच्या रुग्णांनंतरची स्वच्छता कशी होते, हे विचारायचे नसते.

नशा टोचून घेणाऱ्यांना नव्या सुया देण्याच्या, म्हणजे सुई-वाटपाच्या, कामात बरीच वर्षे असलेला एक कार्यकर्ता माझ्या ओळखीचा आहे. पूर्वी तो स्वतः टोचून घेत असे. त्याला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा तो शेवटच्या नंबरावर अडलाच नाही. ‘आमच्यातही नंबर असतो की,’ म्हणाला. मग त्याने सांगितले ते मी पुढे कामकाजाच्या अहवालांमध्येही वाचले, पण त्याच्या तोंडून ऐकताना ते निराळे वाटले. चौघांत एक सुई असेल तर ज्याने माल आणला तो पहिला. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो मागे. ज्याला एचआयव्ही आहे असे कळलेले असते तो सगळ्यांत शेवटी, आणि तो स्वतःच मागे सरकतो, कुणाला सांगावे लागत नाही. बाई असेल तर तिला बहुधा तिचा जोडीदार टोचतो, स्वतःचे झाल्यावर, त्याच सुईने. हिपॅटायटिस सीचा, म्हणजे यकृत पोखरणाऱ्या विषाणूजन्य आजाराचा, मात्र कुणी नंबर लावत नाही, कारण ‘ते काय, सगळ्यांनाच असतं’. त्याचे हे शेवटचे वाक्य मला जास्त भयंकर वाटले. सुई वेगळी ठेवणारेही पुष्कळदा माल विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस आणि धुवायचे पाणी एकच वापरतात, आणि हिपॅटायटिस सीचा विषाणू त्या कापसातून, त्या पाण्यातूनही जातो. प्रयोगशाळेत तो वापरलेल्या सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला आहे. मिठी मारल्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने तो पसरत नाही. बाकावर शेजारी बसल्याने तर नाहीच.

म्हणजे दोन्हीकडे रांग आहे.

आणि या दोन रांगा एकमेकींना पोसतात, असे मला वाटते. दवाखान्यात शेवटी बसवले जाणार हे ज्याला माहीत आहे तो दवाखान्यात जात नाही. जो जात नाही त्याला आपल्या रक्तात काय आहे ते कळत नाही. ज्याला कळलेले नाही तो सुई पुढे करताना थांबत नाही. औषधाच्या दुकानात सिरिंज मागितली की काउंटरवरचा माणूस आधी हाताकडे पाहतो. ते पाहणे टाळायचे असेल तर मित्राची सुई जवळ असतेच. १९८०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये हे एका अख्ख्या शहराच्या आकारात घडले. पोलिसांनी हेरॉइनविरुद्ध मोहीम उघडली, सिरिंज जप्त होऊ लागल्या, दुकानांनी त्या विकणे बंद केले. मग उरलेल्या मोजक्या सुया अनेक हातांतून फिरल्या. तिथल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातल्या टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्ततपासणीचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला, त्यात ५१ टक्के एचआयव्हीबाधित निघाले. तिथून फार लांब नसलेल्या ग्लासगोत हे प्रमाण त्या मानाने अगदी कमी होते. हेरॉइन दोन्ही शहरांत होते. मणिपूरमध्ये १९८९-९० मध्ये अवघ्या काही महिन्यांत टोचून घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांपर्यंत एचआयव्ही पोहोचला, तेव्हाही त्यांच्याकडे आजारी म्हणून पाहावे की गुन्हेगार म्हणून, यावरच पुष्कळ वेळ गेला.

याच काळातली आम्स्टरडॅमची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तिथे १९८४ साली शहराच्या मध्यवस्तीतल्या एका औषधविक्रेत्याने नशा करणाऱ्यांना सिरिंज विकणे थांबवले. हिपॅटायटिस बी पसरेल ही भीती सर्वांत आधी कुणाला वाटली, तर त्या नशा करणाऱ्यांनाच. त्यांची तिथे चक्क संघटना होती. तिने शहराच्या आरोग्य खात्याशी बोलून जुनी सुई द्या, नवी घ्या, अशी व्यवस्था सुरू करवली. जगभर आज ज्याला सुई-बदल म्हणतात त्याची सुरुवात या लोकांनी केली, ज्यांना स्वतःच्या तब्येतीची पर्वा नसते असे आपण बिनदिक्कत धरून चालतो. ‘त्यांना कुठे जगायचंय’ हे वाक्य मी चांगल्या, शिकलेल्या, मायाळू माणसांच्या तोंडून ऐकले आहे. ज्याला जगायचे नाही तो करंगळीच्या मुळाशी उरलेली एकुलती एक शीर रक्त तपासायला देऊ करत नाही.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत २०१५ साली एका छोट्या गावाभोवती एचआयव्हीची साथ आली. वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचण्यातून ती पसरली आणि बाधितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्या राज्यात तेव्हा सुई-बदल बेकायदा होते. गव्हर्नरचा त्याला तत्त्वतः विरोध होता, पण साथ समोर दिसत असताना त्यांनी तात्पुरती परवानगी दिली. केंद्र सुरू झाले, उपचार सुरू झाले, नवे संसर्ग झपाट्याने उतरले. आणि २०२१ साली काउंटीच्या तीन आयुक्तांपैकी दोघांनी ते केंद्र बंद करण्याच्या बाजूने मत दिले. सुया देणे म्हणजे व्यसनाला हातभार लावणे, असे त्यांना वाटत होते. मी त्या दोघांना खलनायक ठरवू शकत नाही. घरातल्या पोराला सुईने मरताना पाहिलेल्या आईबापांना मोफत सुयांची खोकी पाहून पोटात कालवते, हे मला समजते. पण साथ होती तोवर ही माणसे ‘रुग्ण’ होती आणि साथ ओसरताच ती पुन्हा ‘व्यसनी’ झाली, हेही तितकेच स्पष्ट दिसते. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सुई-वाटपासारख्या धोका कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण दिले आणि भेदभावाला मनाई केली. कायदा म्हणून ते चोख काम आहे. तंत्रज्ञाची नजर कायद्याने बांधता येत नाही, इतकेच.

रुग्णालयातल्या खाटेवर ही नजर आणखी गुंतागुंतीची होते. टोचण्यातून त्वचेवरचे जिवाणू रक्तात जातात आणि कधीकधी हृदयाच्या झडपेवर घर करतात. या आजाराला शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागते, तेही साधारण चार ते सहा आठवडे. इतर रुग्णांना पुष्कळदा हातात एक लांब नळी बसवून घरी पाठवतात आणि औषध घरी चालू राहते. टोचून घेणाऱ्याला ती नळी घेऊन घरी जाऊ देत नाहीत, कारण तो तिचा उपयोग दुसऱ्याच कामासाठी करील. शंका अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवे. म्हणून तो वॉर्डात राहतो. तिथे त्याला टर्की लागते, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास सुरू होतो: अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, पोटात मुरडा येतो, पाय स्वस्थ राहत नाहीत. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांसारखे नशेची जागा घेणारे औषध दिले तर हे आटोक्यात येते, आणि नेमके तेच देताना हात आखडतात. वेदना होतात म्हणाला तर ‘याला गोळ्याच हव्यात’ असे कुजबुजले जाते. मग एके रात्री तो निघून जातो, आणि केसपेपरवर लिहिले जाते की रुग्ण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध गेला. पुढच्या वेळी तो अधिक आजारी होऊन येतो तेव्हा तो कागद त्याच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचलेला असतो. उपचार अर्धवट सोडणारा, बेभरवशाचा, कृतघ्न.

हिपॅटायटिस सीच्या उपचाराचा इतिहास तर मला या सगळ्याचा सारांश वाटत आला आहे. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्यासाठी हार्वी आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. सुरुवातीचे औषध इंटरफेरॉन. टोचून घ्यायचे, ताप आणणारे, मन खचवणारे, पुढे रिबाव्हिरिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने कधी ४८ आठवडे चालणारे, आणि तरीही अनेकांना न लागू पडणारे. १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ-परिषदेने म्हटले की जे नशा करत आहेत त्यांनी ती किमान सहा महिने सोडेपर्यंत उपचार लांबवावेत. कठीण औषध, थोडे यश, त्यामुळे त्या वेळी या सल्ल्यात काही तथ्य असेलही. पाच वर्षांनी तो सल्ला सैल झाला आणि प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करावा असे ठरले. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे गोळीतले औषध आले, मग त्याच्या जोड्या आल्या. आता आठ ते बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक बरे होतात. औषध आमूलाग्र बदलले तरी अट कित्येक ठिकाणी जिवंत राहिली: आधी सोडून दाखवा, मग गोळ्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अलीकडेपर्यंत टोचून घेणाऱ्या रुग्णांना या गोळ्या दिल्या, तर ९४ टक्के बरे झाले. जे बेभरवशाचे म्हणून ओळखले जातात त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या. त्यांच्यापैकी काहींना पुन्हा संसर्ग होतो हे खरे आहे, आणि तसे झाले की ‘गोळ्या वाया घालवल्या’ असे म्हणतात. ज्याच्यापासून इतरांना लागण होण्याची शक्यता सर्वांत जास्त त्यालाच उपचारांच्या रांगेत शेवटी ठेवण्यात काय हिशेब आहे, ते मला अजून कुणी समजावून दिलेले नाही.

‘कसा झाला?’ हा प्रश्न यात सगळीकडे येतो.

आजच्या गोळ्या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालतात. तो शिरला कुठून यावर औषध ठरत नाही. पुन्हा लागण होऊ नये म्हणून काय लागेल, नव्या सुया लागतील का, हे विचारायला हवेच. पण प्रश्न बहुधा त्यासाठी नसतो. उत्तरावर सहानुभूतीचे माप ठरायचे असते. ब्रिटनमध्ये १९७० ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दूषित रक्त आणि रक्तघटकांतून तीस हजारांहून अधिक रुग्णांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी झाला. या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला, सरकारने माफी मागितली, भरपाई ठरली. त्या माणसांवर झालेला अन्याय इतका मोठा आहे की त्यापुढे दुसरे काही बोलणे संकोचाचे वाटते. तरीही त्यांच्याविषयी वाचताना ‘निष्पाप’ हे विशेषण वारंवार येते, आणि दर वेळी मला त्याच विषाणूने ग्रासलेले दुसरे लोक आठवतात, ज्यांना हे विशेषण कुणी कधी लावणार नाही. यकृत मात्र दोघांचे सारखेच निबर होत जाते.

मघाशी ज्याचा उल्लेख केला तो कार्यकर्ता या गोळ्यांनी बरा झाला आहे. विषाणूची चाचणी त्याने पुन्हा केली, ती स्वच्छ आली. पण हिपॅटायटिस सीची एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही तरी. विषाणू गेला तरी त्याच्याशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे बहुतेकांच्या रक्तात वर्षानुवर्षे, बरेचदा जन्मभर राहतात. पहिली, स्वस्त, सगळीकडे होणारी चाचणी ती प्रतिपिंडेच शोधते. त्यामुळे बरा झालेला माणूसही प्रत्येक नव्या ठिकाणी आधी ‘पॉझिटिव्ह’ ठरतो आणि मग आपण निगेटिव्ह आहोत हे समजावत बसतो. त्याने विषाणूच्या चाचणीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून घेतला आहे. घड्या पडून पडून मूळ कागद फाटायला आला होता.

एका नोकरीसाठी त्याची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हाची हकिकत त्याने मला सांगितली. ती लिहायला त्याची हरकत नाही, नाव मात्र नको. अहवाल पाहून डॉक्टरांनी मान वर केली आणि विचारले, ‘हा कसा झाला तुम्हाला?’ हा माणूस एरवी पोरांना सांगतो की लपवू नका, खरे सांगा, त्यात लाज कसली. त्याने डॉक्टरांना सांगितले की लहानपणी अपघातात ऑपरेशन झाले होते, तेव्हा रक्त चढवले होते. डॉक्टर चुकचुकले. त्यांनी प्लास्टिकमधला कागद नीट वाचला, खुर्ची पुढे ओढली, यकृताची काळजी कशी घ्यायची, दारू का टाळायची, वर्षातून कोणती तपासणी करायची ते सविस्तर सांगितले, फॉर्मवर सही केली आणि उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आपण खोटे बोललो याचे वाईट वाटते का, असे मी त्याला विचारले.

‘आधी नव्हतं वाटलं,’ तो म्हणाला. ‘तो फार चांगलं बोलला ना, तेव्हा वाटायला लागलं.’